काहीच येत नाही, साहेब

ग्रामपंचायतीच्या ठरावात माझं नाव नव्हतं, फक्त काम होतं. ‘गावातील महिलांची बेरोजगारी कमी करण्यासाठी शिवणकाम प्रशिक्षण वर्ग चालविणे व त्याकरिता एक शिक्षिका मानधनावर नेमणे.’ ग्रामसेवकांनी हे वाक्य मला टेबलासमोर उभं करून वाचून दाखवलं तेव्हा मला हसू आवरेना. गावातली सगळ्यात जुनी बेरोजगार बाई मीच. म्हणजे वर्गाची खोली झाडून व्हायच्या आत एक बेरोजगारी कमी झालीच होती. मी तसं बोलूनही दाखवलं. ग्रामसेवकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही कुठं करायची तेवढं दाखवलं.

आमचं गाव बाळापूर आणि डोंगरकडा या दोन गावांच्या मधे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत आहे. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांचीही लिहीत नाही. ज्या बायकांबद्दल लिहिते आहे त्या हे वाचतील असं नाही, पण त्यांच्या सुना-लेकी वाचतील, आणि मग नळावर त्यावरून बोलणी होतील. त्यापेक्षा नकोच.

माझे अब्बा टेलर होते. फाट्यावर त्यांचं टिनाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश, म्हाताऱ्यांचे पायजमे, लग्नाच्या दिवसांत सफारी. नांदेडहून तयार कपडे यायला लागले तसं त्यांचं मशीन दुकानातून घरात आलं, आणि ते गेल्यावर माझ्याकडे आलं. अम्मी आधीच गेली होती. भाऊ हैदराबादला कामाला लागला आणि तिकडचाच होऊन गेला. माझं लग्न झालं होतं, ते फार टिकलं नाही. त्याबद्दल इथं लिहिण्यासारखं काही नाही. मी परत आले ती राहिलेच.

मला एकटीनं राहायला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गावाला वाटतं की आवडतं. माझा आवाज चढा, बोलणं फटकळ, त्यामुळे लोक समजतात ही बाई आपल्या घरात राणी आहे. राणी कसली. सकाळी केलेली भाजी संध्याकाळी तीच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच. एका माणसाची भाजी कितीही बेतानं केली तरी उरते. फॉल-पिकोला साडी घेऊन कुणी आलं तरच मला माझा आवाज ऐकू यायचा, आणि तोही ‘परवा ने’ एवढाच. शुक्रवारी भावाचा फोन यायचा. ‘खाना खाए क्या आपा?’ तो विचारायचा. मी हो म्हणायचे. तेवढ्यात पलीकडं त्याची लेकरं भांडायला लागायची आणि बोलणं संपायचं.

म्हणून वर्गाचं काम आलं तेव्हा मी मानधन किती ते नंतर विचारलं. आधी विचारलं, बायका किती येतील. शेजारच्या भाभीनं मला वेड्यात काढलं. तिचं म्हणणं, गावातल्या सगळ्या बायकांना तूच शिवायला शिकवलंस तर तुझ्याकडं कोण येईल, खाशील काय? तिचं बराबर होतं. मी तिला म्हणाले, एकटीनं पुष्कळ खाल्लं, आता जरा उपाशी राहून बघते.

वर्गाला जागा मिळाली ती जुन्या सोसायटीच्या गोदामाची. कितीही धुतलं तरी त्या खोलीतला खताचा वास गेला नाही. पुढं पुढं आमच्या नाकालाच तो यायचा बंद झाला. एका भिंतीला ओळीनं मशीनं मांडली होती, पायाची, काळी, नवी कोरी. वर दोन पंखे. मध्ये सतरंजी. पहिल्या दिवशी जेवढ्या बायका आल्या, जवळपास तेवढ्याच सासवा सोबत आल्या, आपल्या सुनेला कुठं बसवतात ते बघायला. एक सासू तर दाराशीच ठाण मांडून बसली. दुपारपर्यंत हलली नाही. दुसऱ्या दिवशी आली ती काखेत कापड घेऊन, म्हणाली, माझंच माप घ्या शिकवायला, कुणाचं तरी घेणारच ना. त्या दिवसापासून तिची सून वर्गाला एक दिवसही चुकली नाही.

माझी शिकवायची पद्धत अब्बांची. सुरुवातीला मी दोरा देत नाही. वहीचा रेघांचा कागद मशीनमध्ये घालायचा आणि बिनदोऱ्याच्या सुईनं रेघेवर टोचत जायचं. टोचे रेघेवर पडले की मग वळण, वळण जमलं की मग दोरा. बायका वैतागायच्या. ‘आपा, दोरा कवा देणार?’ सगळ्या मला आपा म्हणायच्या, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, हिंदूंच्या पण आणि आमच्यातल्या पण. मी म्हणायचे, ‘तू रेघ सोडायचं सोडशील तवा.’

त्यांच्यात एक मेंढरंवाल्यांच्या वस्तीवरची होती. नवरा आणि सासरा मेंढ्या-बकऱ्या राखायचे, थोडं कोरडवाहू रान होतं. उंच, काटक, चालणं असं की बाकीच्या मागं पडायच्या. तिचा पाय मशीनवर पडला की चाक उलटं फिरायचं. सगळ्यांचं चाक सुरुवातीला उलटं फिरतं, पण हिचं महिनाभर फिरत राहिलं. मी एकदा चिडून बोलले तर ती शांतपणे म्हणाली, ‘मेंढरं बी हाकलली तशी जात न्हाईत आपा, हे तर लोखंड हाय.’ वर्ग हसला, मलाही हसू फुटलं. राग धरायला माझी कधीच ना नसते, पण त्या खोलीत तो धरताच यायचा नाही.

एकदा पाय बसल्यावर मात्र ती सुसाट निघाली. कटोरी ब्लाऊज, अस्तराचा ब्लाऊज, लहान पोरींचे फ्रॉक. वस्तीवरच्या बायकांचं ती घरी जुन्या मशीनवर शिवायला लागली. कुणी पैसे द्यायचं, कुणी पायलीभर ज्वारी, कुणी गुपचूप दोन दिवसांचं दूध. बाकीच्याही कमी नव्हत्या. मणियारांच्या घरातली एक बांगड्यांच्या टोपलीसोबत तयार परकर विकायला लागली. काखेत कापड घेऊन आलेल्या त्या सासूची सून तर पिकोसाठी अख्ख्या लग्नाच्या साड्या घेऊन बसायची. शिवायला म्हणून बाळापूरला जाणं गावानं जवळजवळ बंदच केलं.

हळद शिजवायचे दिवस आले की बायका पिवळ्या हातांनी यायच्या. नखांत, बोटांच्या पेरांत रंग धरलेला, तो धुऊन जात नाही. त्या दिवसांत मी वर्गात पांढरं कापड आणायचेच नाही. गडद रंगाचं अस्तर काढायचे. वर्ग सुटला तरी कुणी उठायचं नाही. आळीपाळीनं कुणीतरी दूध आणायचं, स्टोव्हवर चहा व्हायचा, आणि मग सतरंजीवर जे निघायचं ते निघायचं. घरी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन जावा इथं एकाच कपातून बशीत ओतून घ्यायच्या आणि गल्लीच्या तोंडाशी पोचल्या की पुन्हा अबोला धरायच्या. मी त्यांना म्हणायचे, भांडण तुमचं की घराचं? त्या हसायच्या. ईदला मी शीरखुर्मा मोठ्या पातेल्यात केला आणि पातेलं रिकामं झालं. माझ्या दारात एवढ्या चपला अब्बांच्या मयतीनंतर मी पहिल्यांदा पाहिल्या. रात्री भांडी घासताना मला रडू आलं, ते काही दुःखाचं नव्हतं.

पण वर्ग एका वर्षापुरता होता. पुढं निधी ठेवायचा की नाही ते मासिक सभेत निघणार होतं, आणि निघालं तेव्हा तिथं दोन तट पडले. गावातली पोरं पोलीस भरतीचा, तलाठ्याचा अभ्यास करत देवळाच्या ओट्यावर बसायची. त्यांना अभ्यासिका हवी होती. खोटं कशाला बोलू, त्यांनाही जागा नव्हतीच. त्यांच्या बाजूचा एक सदस्य म्हणाला, ‘बायकांना गप्पा मारायला पंखे पुरवून राहिलो आपण.’ सरपंचबाई आमच्या बाजूच्या होत्या, पण नुसत्या बाजूनं काय होतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, ‘काम मिळाल्याचं दिसू द्या आपा, मंग मी बोलते. बेरोजगारीचा पैसा हाय त्यो. कुणाची तरी हटली पायजे.’

शेवटी असं ठरलं की पंचायत समितीचे विस्तार अधिकारी येतील आणि बायकांना स्वतः विचारतील. बायका कमावायला लागल्या असतील तर वर्ग पुढं चालू, नसतील तर पैसा आणि खोली अभ्यासिकेला. ग्रामसेवकांनी मला बजावलं, ‘हे त्यांच्या कानावर घालू नका. पढवलेलं लगेच कळतं, मग सगळंच जातं.’ मी म्हणाले, पढवायची गरजच नाही. अंगावरचं बघा, ते त्यांनीच शिवलेलं असेल. मला त्या दिवशी खरंच कसली धास्ती वाटली नाही. वर्गात मी एवढंच सांगितलं की गुरुवारी साहेब येणार आहेत, वर्गाचं बघायला, विचारतील त्याला नीट उत्तरं द्या. कुणी काही विचारलं नाही. चहाच्या वेळी मी पंचायतीत सही करायला गेले होते, परत आले तेव्हा सगळ्या एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, माझीच नक्कल चालली असेल. ती त्या अधूनमधून करायच्या.

गुरुवारी सगळ्या नटून आल्या. प्रत्येकीच्या अंगावर नवा ब्लाऊज, आमच्यातल्या पोरींच्या अंगावर नवे कुडते, आणि एकूण एक तिथल्या मशीनवर झालेला. मी मनात म्हणाले, साहेबांना डोळे असतील तर विचारायचंही काम नाही. साहेब भला माणूस दिसला. घाम पुसत खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, आणि ओळीतल्या पहिलीला विचारलं, ‘काय काय शिकलात ताई?’

ती मणियारांची. तिनं खाली बघितलं. ‘बटन लावाया येतं थोडं थोडं.’

‘अजून?’

‘अजून काही न्हाई.’

मला वाटलं घाबरली. नव्या माणसासमोर होतं असं. साहेब पुढच्या बाईकडे वळले. ब्लाऊज येतो का? ‘न्हाई जमत साहेब, बाही चुकते.’ तिच्या अंगावरच्या प्रिन्सेस कटची बाही इतकी बराबर बसली होती की मी तिच्या दंडाकडेच बघत राहिले. तिसरीनं सांगितलं की ती अजून कागदावरच टोचते आहे. दोघी जावांपैकी थोरलीनं धाकटीकडे बोट केलं आणि म्हणाली, आमच्या घरात कुणालाच येत नाही. धाकटीनं मान हलवली. वर्षभरात घराबाबत त्यांचं एवढं एकमत मी पाहिलं नव्हतं.

मग साहेब मेंढरंवालीपाशी आले. ‘तुम्ही काही कमावता का यातून?’

‘कमाई कशाची साहेब. काहीच येत न्हाई मला. सुईत दोरा घालाया अजून आपाच लागतात.’

मला राहवलं नाही. मी पुढं झाले, ‘साहेब, हिनं अख्ख्या वस्तीचं...’ साहेबांनी हात वर केला. ‘बाई, त्यांना बोलू द्या.’ मी मेंढरंवालीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिचं लक्ष पंख्याकडे होतं.

‘शिक्षिका रोज येतात का?’ साहेबांनी सगळ्यांनाच विचारलं.

‘येतात की,’ चार-पाच आवाज एकदम. ‘लई चांगलं शिकवतात.’ आणि मागून कुणीतरी म्हणालं, ‘अजून दोन-तीन वरसं तरी लागतील साहेब आमाला.’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. राग चालला असता. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं बाई, वर्ग कशासाठी चालू ठेवावा?’ मी ताठ उभी राहून म्हणाले, बायकांना रोजगार मिळावा म्हणून. ते म्हणाले, पण मिळालेला दिसत नाही ना.

निधी गेला. सरपंचबाईंचं तोंड बंद झालं, त्यांनाही दोष देता येत नाही. ज्या दिवशी मला वर्ग उद्यापासून नाही असं कळलं, त्या दिवशी मी खोलीत गेलेच नाही, किल्ली ग्रामसेवकांच्या टेबलावर ठेवून सरळ घरी आले. नंतर कळलं की मशीनं मागच्या खोलीत प्लास्टिकखाली लावून ठेवलीत आणि पुढच्या खोलीत टेबलं आली. पोरं आता तिथं बसतात. वाटेत भेटली की ‘काय आपा’ म्हणतात. चांगली पोरं आहेत. त्यांच्यातल्या एकाची निवड झाली तेव्हा पेढाही आला घरी.

बायका अशा काहून वागल्या, याचा उलगडा मला शेजारच्या भाभीनं केला. ती म्हणाली, ‘एवढं कळत न्हाई तुला? कमाई हाय म्हणलं की राशनकार्ड जातं. बायकांचे महिन्याचे पैसे बंद होतात. कोण म्हणंल शिवते म्हणून?’ ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे असं. साहेब बघून सगळ्यांनी आपापलं झाकलं आणि मला उघड्यावर टाकलं. त्यांची कार्डं राहिली, माझा वर्ग गेला. मी त्यांच्या लेकरांची अंगडी फुकट बेतून दिली होती, सासवांशी भांडले होते, बाळंतपणात एकीच्या घरी भाकरी टाकायला गेले होते. सगळं पाण्यात गेलं असं मला वाटलं, आणि माझं जे काही तोंड आहे ते मी त्या दिवसापासून मिटलं.

रस्त्यात कुणी दिसली की मी दुसरीकडं बघायचे. पहिले काही दिवस त्या थांबायच्या, काहीतरी बोलू बघायच्या. मग त्याही बाजूनं जायला लागल्या. गाव लहान आहे. एकमेकींना चुकवून चालायचं तर फार लक्ष ठेवावं लागतं. कुठल्या वेळेला नळावर कोण असतं, दळणाला कोण कधी जातं, हे मला पाठ झालं. मी दुपारची भर उन्हात दळण घेऊन जायचे, तेव्हा गिरणीत कुणी नसतं. गिरणीवाला म्हणायचा, आपा, चक्कर येऊन पडाल. ब्लाऊजही कमी झाले, ते होणारच होते. शिकवलेल्या हातांनी गावाचं काम उचललं होतं. कधी कधी मला रस्त्यानं जाणाऱ्या बाईच्या पाठीवर एखादी शिवण दिसायची आणि ती कुणाच्या हातची ते मला ओळखू यायचं. बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्याचाच राग यायचा.

ईदला हात सवयीनं मोठ्या पातेल्याकडे गेला. शेवया भाजून झाल्यावर लक्षात आलं. मग तेवढाच केला. शेजारी दिला, गिरणीवाल्याला दिला, तरी उरला. तो मी दोन-तीन दिवस खात होते. भावाचा फोन आला. ‘कोन कोन आए थे?’ त्यानं विचारलं. मी सांगितलं, बहुत लोगां आए थे. त्याची लेकरं मोठी झाली आहेत, आता भांडत नाहीत; त्यामुळे फोन लवकर संपत नाही आणि मला आणखी खोटं बोलावं लागतं.

संध्याकाळी दिवे लागले की सगळ्यात वाईट. गल्लीत प्रत्येक घरातून कुणी ना कुणी कुणाला तरी हाक मारत असतं, जेवायला, अभ्यासाला, शेळी बांधायला. ती हाक आपल्याला नाही हे माहीत असतं तरी कान टवकारतात. मी टीव्ही मोठा करून बसायचे.

असं जवळजवळ वर्ष गेल्यावर, एका सकाळी मी अंगण झाडत होते, तर फाटकाशी मेंढरंवाली उभी. हातात पिशवी, डोक्यावरून पदर, चेहरा उन्हानं रापलेला. मी झाडू थांबवला नाही. ती तिथूनच म्हणाली, ‘आपा, उद्या पुण्याला जाऊन राहिलो. मालकाला कंपनीत लागलंय वॉचमन म्हणून. मेंढरं इकली.’

‘बरं झालं,’ मी म्हणाले. ‘तुझ्या हाताला तिकडं लई काम मिळंल. की तिथं बी साहेबाला सांगणार, दोरा घालता येत न्हाई म्हणून?’

वर्षभर हे वाक्य मी किती वेळा मनात घासून ठेवलं होतं ते मलाच माहीत. ती आत आली. ओट्यावर बसली नाही, खाली पायरीवर बसली.

‘म्याच सांगितलं होतं समद्यांना,’ ती म्हणाली. ‘तुमी सही कराया गेल्या होत्या तवा. कुणी बी शिकलो म्हणायचं न्हाई.’

‘काहून?’

‘आमाला काय माहीत आपा, उलटं असतंय म्हणून. माझ्या धाकट्या लेकराला अंगणवाडीतून खाऊचं पाकीट मिळायचं, वजन कमी व्हतं म्हणून. वजन भरलं, पाकीट बंद. सासऱ्याला गोळ्या फुकट मिळायच्या, डॉक्टर म्हणला बरे झाले, गोळ्या बंद. सरकारचं तसंच असतंय ना. बरं झालं म्हणलं की बंद. मंग शिकलो म्हणलं तर वर्ग बंद नसता व्हणार? म्या म्हणलं, काहीच येत न्हाई म्हणा, म्हंजी अजून दोन-तीन वरसं चालंल.’

माझ्या हातात झाडू तसाच होता. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

‘तुमी इतक्या रागात व्हत्या की कुणाची हिंमत न्हाई झाली,’ ती म्हणाली. ‘आन बाकीच्या माझ्यावर चिडल्या. तुझ्या डोक्यानं गेलो अन् वर्ग घालवून बसलो म्हणतात. कुणी बोलत न्हाई माझ्याशी. मी बी वस्तीवरून गावात येनं सोडलं.’ मग तिनं मला विचारलं, ‘तुमाला काय वाटलं व्हतं आपा?’

खोटं बोलायचं मनात आलं, पण तिच्याकडे बघून जमलं नाही. मी म्हणाले, ‘राशनकार्ड.’

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, ‘एका कार्डासाठी आमी तुमाला बुडवलं असतं व्हय?’

मला ते वाक्य फार लागलं. एवढ्या दिवसांत त्या माझ्याबद्दल काय विचार करतात याचाच मी विचार केला. मी त्यांच्याबद्दल काय धरून बसले आहे ते त्यांना कळलं तर काय होईल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी तिला चहा घे म्हणाले. तिनं घेतला. आम्ही पुण्यातल्या भाड्याबद्दल बोललो, लेकराच्या शाळेबद्दल बोललो. तिचं मशीन नेता येत नव्हतं, ते तिनं वस्तीवरच्या जावेला दिलं होतं. तिकडं कुणाची ओळख नाही, म्हणाली. दिवसभर खोलीत काय करायचं तेच तिला समजत नव्हतं. मी तिला सांगितलं, कापड घे आणि शिव, आणि कुणी विचारलं तर येतं म्हण. ती हसली, मग पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फाट्यावर सोडायला गेले. सामान जीपमध्ये चढवलं, सासरा वस्तीवरच राहणार होता, तो उगीच दोऱ्या घट्ट करत होता. ती खिडकीतून म्हणाली, ‘समद्यांना सांगा आपा, माझ्याकडून चुकलं म्हणून.’ जीप बाळापूरच्या दिशेनं गेली. मी परत निघाले.

गावाच्या तोंडाशी समोरून त्या दोघी जावा येत होत्या, रानातून, पाटी घेऊन, एकमेकींपासून चार हात अंतर राखून. मला बघून त्या नेहमीसारख्या कडेला झाल्या. मी थांबले. मी थांबलेली बघून त्याही थांबल्या. सांगायचं पुष्कळ होतं, साहेबांचं, पाकिटाचं, कार्डाचं, पण कुठून सुरुवात करायची ते कळेना.

‘बरं हाय ना आपा?’ धाकटीनं भीतभीत विचारलं.

माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हणजे साहेबांनी वर्ग कशासाठी म्हणून विचारलं तेव्हा जे सांगायला हवं होतं ते. ‘न्हाई गं,’ मी म्हणाले. ‘करमत न्हाई मला.’

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीनं डोक्यावरची पाटी उतरवून खाली ठेवली.

‘आमाला तरी कुठं करमून राहिलं, आपा,’ ती म्हणाली.

ऊन चढत होतं. आम्ही तिघी रस्त्याच्या कडेला तशाच उभ्या राहिलो. घरी जायची कुणालाच घाई नव्हती.